सीमाभागातील कागदांची वारी

बीदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे नकाशात कर्नाटकाच्या उत्तर टोकाला दिसतात. परंतु इथे राहणाऱ्या माणसाला आपण टोकाला आहोत असे कधी वाटत नाही. बीदरच्या तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर उभे राहिले, की पश्चिमेला महाराष्ट्र आणि पूर्वेला तेलंगण हाकेच्या अंतरावर आहे असे वाटते. खाली कलबुर्गीकडे उतरावे तो माती काळी होत जाते आणि तुरीची शेते सुरू होतात. बाजारात भाव कन्नडमध्ये सांगितला जातो, घासाघीस मराठीत होते आणि सौदा फिसकटला तर निरोपाचे दोन शब्द दखनीत बोलले जातात. तीन भाषांचा हा संसार आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सुखाने करीत आलो आहोत. बोलताना आम्हांला या तीन भाषांची अडचण कधीच पडत नाही. ती पडते कागदावर लिहिताना.

या गोष्टीचा पुरता प्रत्यय मला एका विद्यार्थिनीमुळे आला. भालकी तालुक्यातील आमच्या सरकारी मराठी शाळेत ती सातवीपर्यंत शिकली. पुढे दहावी कन्नड मुलखातच झाली. पदवीसाठी ती सीमेपलीकडे उदगीरला गेली, आणि बी. एड. कलबुर्गीला. काही वर्षे एका खासगी शाळेत तिने गणित शिकवले. वडील हयात नाहीत. आई, धाकटा भाऊ आणि घरावरचे कर्ज एवढा तिचा प्रपंच. गेल्या डिसेंबरात ओमानमधील एका भारतीय शाळेने तिची निवड केली. आखाती देशांतील भारतीय शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे हाती पुरते तीन महिने होते. पासपोर्ट तिने आधीच काढून ठेवलेला होता. आता राहिले काय, तर ‘फक्त कागद’, असे ती हसत म्हणाली.

त्या कागदांची यादी मात्र हसण्यासारखी नव्हती. दहावीचे प्रमाणपत्र, पदवी, बी. एड., अनुभवाचा दाखला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. आणि यांतील शैक्षणिक कागदांवर ‘अपॉस्टिल’ नावाची मोहोर. १९६१ साली हेग येथे झालेल्या एका आंतरराष्ट्रीय कराराने ही पद्धत अस्तित्वात आली. एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशाने पुन्हापुन्हा न तपासता मान्य करावा, हा तिचा हेतू. भारतात हा करार २००५ साली अमलात आला. ओमान २०१२ पासून त्यात आहे. परंतु ही मोहोर परराष्ट्र मंत्रालय उमटवते ती शेवटी. त्याआधी ज्या राज्यात प्रमाणपत्र निघाले त्या राज्याने ते खरे असल्याची साक्ष द्यावी लागते. मुलगी एक, शिक्षण सलग. पण दहावी आणि बी. एड. कर्नाटकाची, पदवी महाराष्ट्राची. तेव्हा काही कागदांना बंगळुरूची वाट धरावी लागणार होती आणि एकाला मुंबईची.

इतर प्रांतांतील वाचकांना हे विचित्र वाटेल. आम्हांला त्यात नवल नाही, कारण आमचा जिल्हाच एकदा असा वाटला गेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्याचे भाषावार विभाजन झाले, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. बीदर, भालकी, हुमनाबाद, संतपूर हे तालुके म्हैसूर राज्यात आले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे मुंबई राज्यात जाऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि १९८२ पासून ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले आणि आज ते तेलंगणात आहेत. एका घरातल्या तीन लेकी तीन तालुक्यांत दिलेल्या होत्या. त्या एका रात्रीत तीन राज्यांतल्या झाल्या. सोयरीक तुटली नाही, जत्रा तुटल्या नाहीत. दप्तरे तेवढी तुटली.

आमच्या शाळेच्या कपाटातही हा इतिहास थरांनी साचलेला आहे. सर्वांत तळाला निजामाच्या काळातील उर्दू नोंदवह्या, त्यांवर फसली सन. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे गणित जुन्या शिक्षकांना तोंडपाठ असे. त्यावर म्हैसूर राज्याचे शिक्के. त्यावर १९७३ नंतरचे, कर्नाटक राज्याचे. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी निजामी अमलात दारावर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही हकीकत या भागात घरोघर सांगतात. पाटी एक आणि पाठ दुसरा, अशी वेळ ज्या मुलखावर आली, तिथे कागद आणि माणूस यांचा मेळ बसवणे हे शिक्षकाचे नित्याचेच काम होऊन बसते.

या मुलीच्या बाबतीत मेळ बसेना तो एका अक्षरापायी. तिच्या नावाच्या शेवटी ‘ती’ आहे. आमच्या वहीत ते नाव देवनागरीत आहे, म्हणून निःशंक आहे. पण इंग्रजीत लिहिताना महाराष्ट्रात ‘त’साठी नुसता ‘टी’ लिहितात, तर कर्नाटकात ‘टी’ला ‘एच’ जोडतात, कारण एकटा ‘टी’ त्यांना ‘ट’ वाटतो. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर. दहावीच्या प्रमाणपत्रात ‘एच’ आला आणि नावामागे वडिलांचे केवळ आद्याक्षर आले. त्यावरून पासपोर्टही तसाच निघाला. पदवीच्या कागदावर महाराष्ट्राच्या शिरस्त्याप्रमाणे आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे पूर्ण नाव; आणि ‘एच’ नाही. इथल्या कोणाच्याही लेखी ही एकच मुलगी. मस्कतच्या कचेरीत बसलेल्या, दोन्ही भाषा न जाणणाऱ्या कारकुनाला मात्र या दोन बायका वाटल्या, तर त्याला दोष कसा द्यावा? शाळेकडून निरोप आला, की पदवीवरील नाव पासपोर्टाशी जुळल्याखेरीज व्हिसाचा अर्ज पुढे जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. पदर सावरीत उभ्याउभ्याच म्हणाली, “गुरुजी, एक अक्षर तर हाय. वही तुमची, लेखणी तुमची, शिक्का तुमचा. पाहिजे तसं नाव घालून एक नवा दाखला द्या, की पोरीचं काम होऊन जाईल.” मी त्यांना आधी बसायला सांगितले. मग वही उघडून मुलीची नोंद दाखवली. दाखला हा वहीची सावली आहे. वहीत जे नाही ते दाखल्यात येत नाही, आणि विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर वहीतले एक अक्षरही मुख्याध्यापकाला आपल्या मर्जीने बदलता येत नाही, हे त्यांना समजावले. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना एवढेच म्हणाल्या, “नियम तुमचा खरा हाय, गुरुजी. पण एप्रिल बी खराच हाय.” ते वाक्य कित्येक दिवस माझ्या कानांत राहिले. नियम पाळणाऱ्याला त्याची किंमत द्यावी लागत नाही. ती दुसऱ्यालाच द्यावी लागते.

तेव्हा नियमाच्या वाटेनेच, पण तिच्याबरोबर चालायचे मी ठरवले. वहीच्या नोंदीची साक्षांकित नक्कल मी दिली. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र झाले, वर्तमानपत्रात जाहिरात झाली, आणि नावदुरुस्तीचा अर्ज घेऊन आम्ही भालकीहून उदगीरची गाडी धरली. कमलनगर मागे पडले, की थोड्याच वेळात राज्य बदलते. रुळाला त्याची खबर नसते. खिडकीतून दिसणारी पिके, पळसाची झाडे, बाभळी, सारे तेच. फक्त स्थानकावरील पाट्यांतून कन्नड अक्षरे नाहीशी होतात. उदगीरच्या महाविद्यालयातून शिफारसपत्र घेऊन अर्ज नांदेडच्या विद्यापीठात जायचा होता. कुठे साहेब रजेवर, कुठे ‘सर्व्हर बंद’, कुठे अर्जाचा नमुना बदललेला. कोणी वाईट वागले असे नाही. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या परीने बरोबर होता, आणि त्या सर्वांच्या बरोबर असण्यात मार्च निघून गेला.

या वाट पाहण्याच्या दिवसांत पोलीस दाखल्यासाठी आणि इतर कामांसाठी आमच्या बीदरला फेऱ्या होत. एका दुपारी कचेरीची वेळ व्हायला अवकाश होता, म्हणून मी तिला महमूद गावानचा मदरसा पाहायला घेऊन गेलो. बीदरची मुले ही वास्तू इतक्या वेळा पाहतात, की पुढे ती बघतच नाहीत. १४७२ साली उभारलेले हे तीन मजली विद्यापीठ. वर्ग, ग्रंथालय, अध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची निवासस्थाने एकाच चौकाभोवती. औरंगजेबाच्या काळात, १६९६ मध्ये, दारूच्या स्फोटाने एक बाजू ढासळली असे सांगतात. दोन मनोऱ्यांपैकी एकच उरला आहे. पण त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशीचे तुकडे अजून उन्हात चमकतात.

हा महमूद गावान स्वतः परदेशी होता. इराणातील गिलान प्रांतातून १४५३ मध्ये तो समुद्रमार्गे आपल्या कोकणातल्या दाभोळला उतरला, व्यापारी म्हणून बीदरला आला आणि बहमनी राज्याचा मुख्य प्रधान झाला. दूरदूरच्या विद्वानांना पत्रे पाठवून त्याने बीदरला शिकवायला बोलावले. थोर फारसी कवी जामी यालाही आमंत्रण गेले होते, पण तो आला नाही. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी उलटी वाट होती: परदेशी शिक्षक बीदरला येण्यासाठी निघत. त्याच सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी बीदरला येऊन राहिला. त्याची हकीकत आजच्या व्हिसाच्या उमेदवारांनी अवश्य वाचावी. व्होल्गा नदीवर त्याला लुटले, चौलला उतरून तो जुन्नरला पोहोचला, तर तेथील खानाने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे बजावले. खुरासानाहून आलेल्या महंमद नावाच्या अधिकाऱ्याने रदबदली केली, तेव्हा तो सुटला. त्या काळी कागद कमी लागत, हे खरे. पण कागद नसला की माणूस सर्वस्वी दुसऱ्याच्या लहरीवर असे, हेही तितकेच खरे.

आणि महमूद गावानचा शेवट कशाने झाला? फिरिश्ता या इतिहासकाराने तो सांगितला आहे. त्याच्या वैऱ्यांनी त्याची मुद्रा सांभाळणाऱ्या नोकराला फितवले, एका कोऱ्या कागदावर मुद्रा उमटवून घेतली आणि वर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिले. सुलतानाने मुद्रा खरी पाहिली आणि मजकूर तपासलाच नाही. १४८१ मध्ये त्या वृद्ध प्रधानाचा शिरच्छेद झाला. खऱ्या शिक्क्याखालच्या खोट्या मजकुराने एक थोर शिक्षणप्रेमी गेला, आणि त्याच्यामागोमाग ते राज्यही मोडकळीस आले. ही गोष्ट सांगून झाल्यावर ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, म्हणजे तुम्ही आईला दाखला का दिला नाहीत, ते मला इथे आणून सांगताय.” मी म्हटले, “पोरी, आपण वेळ काढायला आलो होतो. पण तसेही समज.”

बसवकल्याण तर तिच्या आजोळच्या वाटेवरचे. तिथून जाताना मला विज्ञानेश्वराची आठवण होते. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या या राजधानीत, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ नावाची टीका लिहिली. पुढे इंग्रजी अमलातही हिंदूंच्या वारसाहक्काचे निवाडे तिच्या आधारे होत राहिले. तिच्या व्यवहाराध्यायात लेख्याचे, म्हणजे दस्तऐवजाचे, स्वतंत्र प्रकरण आहे. दस्तात वर्ष, महिना, पक्ष, दिवस, नाव आणि वडिलांचे नाव असावे, असे तिथे सांगितले आहे. मूळ लेख परदेशी राहिला असेल, वाचता न येण्याजोगा असेल, हरवला, पुसला, चोरीला गेला, फाटला वा जळला असेल, तर दुसरा लेख करून घ्यावा, असेही सांगितले आहे. दुय्यम प्रत आणि बापाचे नाव या दोन गोष्टींसाठी आज आपण ज्या खिडक्यांपुढे उभे असतो, त्यांचा विचार आमच्याच जिल्ह्यात बसून एका पंडिताने इतक्या आधी केला होता, याचे मला कौतुक वाटते. त्या खिडकीशी उभे राहताना थोडे बळही येते.

एप्रिल उजाडला आणि गेला. ओमानच्या शाळेने समजूतदारपणा दाखवला. उन्हाळी सुटीपर्यंत हंगामी शिक्षिका नेमू, ऑगस्टात मात्र हजर झालेच पाहिजे, असे कळवले. महिनाअखेरीस दुरुस्त पदवी हाती आली. मग बी. एड.च्या कागदांसाठी आम्ही कलबुर्गीला निघालो. बीदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा रेल्वेमार्ग २०१७ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याआधी बसमध्ये अंग मोडून घेतलेल्या आमच्या पिढीला त्या गाडीचे अजून अप्रूप आहे. हुमनाबाद आले की माणिकनगरच्या माणिक प्रभूंना मनोमन नमस्कार करायचा. कलबुर्गीच्या पुढे गाणगापूरचे दत्तस्थान. मराठी माणसाला या वाटेवर परके वाटावे असे स्थानकच नाही.

कलबुर्गीतही एक नवा पेच पुढे आला. जुन्या कागदांवर गाव ‘गुलबर्गा’, नव्यांवर ‘कलबुर्गी’. कारण १ नोव्हेंबर २०१४ पासून नाव बदलले. आमचा विभागही २०१९ पर्यंत ‘हैदराबाद-कर्नाटक’ होता, आता ‘कल्याण-कर्नाटक’ आहे. सुदैवाने सरकारी आदेशाची प्रत जोडल्यावर हा पेच तासाभरात सुटला. काम आटोपल्यावर आम्ही ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यावर गेलो. ते दिल्लीहून इथे आले तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते, आणि १४२२ मध्ये देह ठेवीपर्यंत ते शिकवीत राहिले. ऐंशीव्या वर्षी परमुलखात जाऊन शिकवणारा माणूस पाहिला, म्हणजे तिशीतल्या मुलीने समुद्र ओलांडण्याचे एवढे दडपण घेऊ नये, असे मी तिला म्हणालो. “त्यांना अपॉस्टिल लागले नाही, सर,” असे उत्तर आले. तिचा विनोद परत आला, तेव्हाच मी ओळखले की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे मे आणि जून महिन्यांत झाले. पदवी मुंबईहून साक्षांकित होऊन आली. दहावी आणि बी. एड.चे कागद सुमारे सातशे किलोमीटरवरच्या बंगळुरूहून. नंतर परराष्ट्र मंत्रालयाची ती चौकोनी मोहोर पाठीवर बसली. जुलैत व्हिसा आला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हैदराबादच्या विमानतळावरून ती गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी आई पेढे घेऊन शाळेत आल्या. त्या दिवशी त्या नियमांविषयी काही बोलल्या नाहीत, मीही नाही. एप्रिल ते जुलै असे चार पगार त्या घराने गमावले होते, आणि त्याचा हिशेब त्यांच्यापाशी होता.

शिकवण्यासाठी देश सोडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. १९५० आणि १९६० च्या दशकांत इथिओपियातील खेड्यापाड्यांतल्या शाळांतून भारतीय शिक्षक शिकवीत होते. पुढे नायजेरियाने त्यांना बोलावले. परदेशगमन हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला आणि त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला. तोवर पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. तेव्हा खिडकीपुढची रांग कितीही लांब असली, तरी तिथे आपण मेहेरबानी मागायला नव्हे, हक्क घ्यायला उभे असतो, हे विसरू नये.

तरीही एक शल्य सांगितलेच पाहिजे. सीमाभागातल्या मराठी शाळेत गणित नीट शिकवील अशी व्यक्ती सहज मिळत नाही. ती मुलगी कधीतरी आमच्याच शाळेत येईल, अशी एक इच्छा मी मनात बाळगली होती. तिचे कागद जुळवीत असताना प्रत्येक मोहोरेबरोबर ती इच्छा मी स्वतःच थोडी थोडी दूर सारीत होतो. पण शिक्षकाने विद्यार्थ्याला आपल्या गरजेसाठी अडवून ठेवणे हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. मस्कतमधील तिच्या वर्गात भारतातील नाना भाषांची मुले असतील. त्यांची नावे हजेरीपटात उतरवताना ही शिक्षिका प्रत्येकाला दोनदा विचारील, “तुझ्या पासपोर्टात कसे लिहिले आहे?” एवढी शिदोरी तरी या मुलखाने तिला दिली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाचे नाव शाळेत घालताना ते इंग्रजीत कसे लिहायचे हे घरात एकदाच ठरवा, आणि जन्मदाखल्यापासून पदवीपर्यंत त्यात एका अक्षराचा फरक पडू देऊ नका. आडनाव आधी की नंतर, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर, हेही ठरवा. जन्माची नोंद वेळीच करा. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. प्रत्येक निकालपत्र हाती येताच त्याच दिवशी वाचा, कारण दुरुस्ती पहिल्या महिन्यात सोपी असते आणि दहाव्या वर्षी अवघड. आपण भाषा बदलणाऱ्या मुलखात राहतो, ही आपली श्रीमंती आहे. ती मुलांच्या पायांतली बेडी होऊ नये, एवढी काळजी आईबापांनी आणि शिक्षकांनी मिळून घेतली, तर पुढच्या मुलीचा एप्रिल चुकणार नाही.